केळी संपली की डावीकडे

"यावल सोडलं की सरळ ये, बेटा. केळी संपली की डावीकडे वळ. डोंगराच्या पायथ्याशी आपलं घर." सासऱ्यांचं, बाऊजींचं, हे सांगणं आठवत चेलना गाडी चालवत होती, पण केळी संपतच नव्हती. हृदयाच्या गोळ्या बाऊजी जळगावलाच विसरून गेले होते. आजची गोळी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिकडे फोन लागत नव्हता, आणि सूर्यास्तानंतर बाऊजी पाण्याचा थेंबही घेत नसत.

बांधावर गवताचा भारा बांधणाऱ्या बाईला तिनं गोळ्यांची पिशवी दाखवत रस्ता विचारला.

"जैनबाबाचं घर? ताई, केयी तं औंदा पुढे सरकली. फाटा मांगेच राह्यला. आता मांगे फिरून गाडीनं अर्धा तास."

चेलनानं सूर्याकडे पाहिलं. पाव तासही उरला नव्हता.

"बांधाबांधानं दहा मिनटं. पन या चपलांनी तुमी चिखलातच बसशाल. पिशवी द्या मले."

चेलनानं पिशवी घट्ट धरली. "दिवस मावळला तर ते तोंडात काहीच घेणार नाहीत हो. गोळीसुद्धा नाही."

बाई हसली नाही. "दिवस बुडाच्या आंधी देते. शब्द हाये."

चेलनानं पिशवी दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. "घोटभर पिऊन तरी जा. ओठ सुकलेत तुमचे."

"आज हरतालिका हाये ताई. पानी बी उद्याच."

तिनं पदर खोचला आणि केळीत शिरली.