पुढचे कलम

दिनांक ७ मार्च १९३७, रविवार. सकाळी साडेनऊ वाजता हुबळीच्या दाजीबानपेठेत, बाळकृष्णशेठांच्या कापडदुकानावरील माडीत पेठेच्या पंचायतीचे एकतीस सभासद जमले होते. बत्तिसावा माणूस महादेव गवंडी. त्याला मत नव्हते, म्हणून जाजमावर जागाही नव्हती. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता.

पाच दिवसांपूर्वी शेठजींच्या नव्या वखारीची भिंत कोसळून सटवाजी हमाल तिच्याखाली मेला होता. दोष सर्वस्वी गवंड्याचा, असे पंचायतीने फौजदाराला लिहून द्यावे, एवढाच ठराव होता. तसे लिहून दिले की महादेव तुरुंगात जाणार, हे महादेवासकट सर्वांना ठाऊक होते. अध्यक्षस्थानी अर्थातच बाळकृष्णशेठ.

विठ्ठलराव वकील एक जाडजूड पुस्तक घेऊन उठले.

"बाबिलोनचा कायदा ऐका, मंडळी. साडेतीन हजार वर्षांहून जुना. घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. पळवाट नाही, वशिला नाही. याला म्हणतात न्याय. आपणच ढिले पडलो."

माना डोलल्या. बाबिलोन अळणावर स्टेशनाच्या अलीकडे की पलीकडे हे ज्यांना सांगता आले नसते, त्यांच्या जरा जास्तच डोलल्या.

राघवेंद्ररावांची मान हलली नाही. तीस वर्षे ओव्हरसियर म्हणून पूल आणि मोऱ्या बांधून ते निवृत्त झाले होते, आणि पडलेली भिंत कालच पाहून आले होते. त्यांनी रुमालातून दोन दगडांमधला सांधा भरणाऱ्या दर्जेचा एक खडा काढला, वकिलांसमोरच्या पाण्याच्या पेल्यात सोडला आणि हातात घड्याळ धरले. दर्जेत चुना असता, तर तो खडा आठ दिवस पाण्यात जसाच्या तसा राहिला असता. दीड मिनिटात पेल्यात तांबडा गाळ झाला.

"यात चुना नाही. निव्वळ माती आहे. माल कुणी आणला?"

"मी दोनदा सांगितलं होतं, अण्णा," महादेव जिन्याकडून म्हणाला. "चुना पाहिजे म्हणून. शेठजी म्हणाले, पोती ठेवायची भिंत आहे रे, देवळाची नव्हे."

शेठजी खिडकीबाहेर पाहत होते. वकिलांनी पेला दोन बोटांनी दूर सारला.

"कायदा पेल्यात डोकावत नाही, राघवेंद्रराव. बांधणारा हात कुणाचा, एवढंच बघतो. म्हणून तर त्याला कठोर म्हणायचं."

"कठोर खराच. मालक मेला तर देहदंड, हे कळलं. पण मेला हमाल. पुढचं कलम वाचा."

वकील पुस्तक मिटू लागले.

"वाचा की, वकीलसाहेब," मागून कुणीतरी म्हणाले. "आम्हीही ऐकतो."

आता वकिलांचा आवाज पहिल्यापेक्षा खाली आला होता. "मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. मालकाचा गुलाम मेला, तर..." त्यांनी चष्मा सारखा केला. "तर गुलामाच्या बदल्यात गुलाम द्यावा."

"झालं तर," राघवेंद्रराव म्हणाले. "महादेवनं शेठजींना एक हमाल आणून द्यावा आणि घरी जावं. तुरुंग कशाला? कायदा तुमचाच आहे."

कुणी हसले नाही. बाळकृष्णशेठांनी पानाचा डबा मिटला.

"हमाल काय, शंभर मिळतात, राघवेंद्रराव. इथं प्रश्न न्यायाचा आहे."

आणि ठरावाच्या बाजूने पहिला हात त्यांनीच वर केला. मग बाकीचे वर आले. काही झटकन, काही शेजाऱ्याकडे पाहून. मोजमापात राघवेंद्ररावांची चूक होत नाही असा पेठेत लौकिक होता, म्हणून मोजणी त्यांच्याकडेच आली. त्यांनी उभे राहून हात दोनदा मोजले आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला.

बाजूने तीस. विरुद्ध एक.