नऊचा ताळा
नणंद-भावजय एकाच कार्यालयात नकोत, असं माझं मत. मी मूळ कागदावरची एकोणीस आकडी संख्या कार्बन घालून दोन चिठ्ठ्यांवर उतरवली, दोघींना एकेक चिठ्ठी देऊन वेगळ्या खोल्यांत बसवलं. अविभाज्य संख्यांच्या तक्त्यात छापण्याआधी ती तपासायची होती. दोघींचं उत्तर आलं, चारशे एकोणीसने भाग जातो. मूळ कागदावरून मी भागून पाहिलं, बाकी उरली. चूक कुणाचीही होते, पण दोघींची एकच चूक म्हणजे नक्कल. “कुणी कुणाचं बघितलं?” मी विचारलं. “साहेब, आम्ही तीन वर्षं बोलत नाही एकमेकींशी,” नणंद म्हणाली. भावजयीने चिठ्ठी मूळ कागदाशेजारी ठेवली. कागदावर जिथे छत्तीस, तिथे चिठ्ठीवर त्रेसष्ट, अक्षर माझं. उतरवल्यावर अंकांची बेरीज करून नऊचा ताळा मी घेतला होता, पण आकड्यांची अदलाबदल ताळ्याला कळत नाही, बेरीज तीच येते. चिठ्ठी परत घ्यायला मी हात पुढे केला. नणंद भावजयीला म्हणाली, “वहिनी, चिठ्ठी सोडू नका.”