हरकत नाही

शिपायाने पिशवीतला स्वेटर उलटा करून झटकला, बाह्या चाचपल्या. "बाई, इतक्या फेऱ्या मारता, तुम्हालाच आत एक खोली देऊन टाकू का?" असं म्हणत त्याने त्यांना तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत सोडलं. बाई हसल्या नाहीत. चार वर्षं दर गुरुवारी हेच चाललं होतं आणि त्यांचे गुडघे आता या बाकाला विटले होते.

जाळीपलीकडे त्यांचा जुना ड्रायव्हर येऊन बसला. ज्या अपघातात बाईंचे यजमान गेले, त्याची शिक्षा तो भोगत होता. अशा माणसासाठी स्वेटर विणणाऱ्या बाईंचं चर्चमध्ये कोण कौतुक! क्षमेवर उपदेश करायचा म्हटलं की पाळकसाहेब त्यांना साक्ष द्यायला उभं करायचेच. बाई चार वाक्यं बोलून मान खाली घालून बसायच्या. लोक म्हणत, केवढी नम्रता! बाईंना त्या कौतुकाचा अगदी वीट आला होता.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना."

"आणि तुला? अपघाताचं काही आठवतं?"

हा प्रश्न त्या दर वेळी विचारत. डोक्याला मार लागल्यापासून त्याला तो दिवस आठवतच नव्हता. शुद्धीवर आल्यावर जे कानावर आलं, तेच त्याने कोर्टात कबूल केलं होतं.

तो म्हणाला, "आधी कागदाचं बघा, बाई."

लवकर सुटकेसाठी मयताच्या घरच्यांची हरकत नसल्याचं पत्र लागत होतं. बाईंनी सही केली, तरच त्याला आईचं तोंड बघायला मिळणार होतं. त्यांनी पर्समधून पत्र काढलं, सही केली आणि शिपायाच्या हातात दिलं.

"मी तुला माफ केलंय," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "घरी जा. आईजवळ बस."

शिपाई पत्र घेऊन दाराबाहेर जाईपर्यंत तो गप्प बसला.

"सहा महिने झाले, सगळं आठवतंय," तो म्हणाला. "मला डुलक्या येत होत्या, म्हणून साहेबांनी मला मागे झोपायला लावलं होतं. कुणाला बोललो नाही. तुमच्याच तोंडून येईल म्हणून वाट बघत होतो. गाडी तुम्ही चालवत होतात, बाई. मीही तुम्हाला माफ केलंय."