डॉक्टरांच्या समाचाराला

२००४ साली सर्बियातल्या त्या डोंगरी गावाला कितीतरी वर्षांनी मनोविकारांचा डॉक्टर मिळाला. बाकीचे डॉक्टर केव्हाच जर्मनीला गेले होते. पण दवाखान्याचं दार भर चौकात. मनाच्या डॉक्टरकडे जाताना चारचौघांना दिसायचं कुणी? महिनाभर एकही पेशंट फिरकला नाही. असंच चाललं तर डॉक्टरांची जागाच रद्द होणार, या काळजीने नर्स रादोय्काचं जेवणावरून मन उडालं.

त्यातच गावातल्या देसांकामावशीने डॉक्टरांना घरी बोलावून पुढ्यात घरच्या राकियाचा पेला ठेवला. डॉक्टर दारू घेत नसत, आणि पेला नाकारणं म्हणजे घराचा अपमान. रादोय्काने घाईघाईने सावरून घेतलं, "मावशी, त्यांना औषधं चालू आहेत."

"अगंबाई, एवढा तरणाताठा पोरगा आजारी, आणि तू मला आज सांगतेस होय गं?"

दुसऱ्याच दिवशी मावशी कोंबडीचं सूप घेऊन दवाखान्यात हजर. आजाऱ्याच्या समाचाराला जायला कसली लाज? बसल्या बसल्या परदेशी गेलेल्या मुलाच्या आठवणीने ती डॉक्टरांजवळ पोटभर रडली. मग तिची शेजारीण आली, मग पोस्टमन, मग रांगच लागली.



जागा टिकली, रादोय्का सुखाने निवृत्त झाली, मावशीला आता गोळीशिवाय झोप लागते. डॉक्टरांना मात्र बरं व्हायची गावाने अजून परवानगी दिलेली नाही.