वाचली बिचारी!

आजी अंधांच्या आश्रमात हौसेनं पुस्तकं वाचून दाखवायची. गोष्टीत कुणी मरायला टेकलं, की बेधडक थाप मारायची. बुडालेला नावाडी काठाला लागायचा, विष प्यालेल्या राणीला नुसता ढेकर यायचा. आंधळ्या मास्तरांना मूळ गोष्टी तोंडपाठ होत्या, तरी ते "वाचली बिचारी!" म्हणत टाळी द्यायचे.

आजी वारली आणि तिच्या खुर्चीत नात येऊन बसली.

"आजी कुठाय गं?" मास्तरांनी विचारलं.

नात म्हणाली, "आत्याकडे राहायला गेलीय. ठणठणीत आहे."

मास्तरांनी चाचपडत तिच्या मांडीवरचं पुस्तक शोधलं. ते अजून मिटलेलंच होतं.

"अगदी आजीसारखं वाचतेस, पोरी."