फोटोपुरतं कपाट

शाळेच्या माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता, म्हणून वाचनालयाचं कुलूपबंद कपाट आज उघडलं. याच किल्लीसाठी भाषेच्या बाईंनी दोन वर्षं मुख्याध्यापकांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या; उत्तर ठरलेलं, “पोरं पुस्तकं फाडतात हो!” आता आठवीतली एक मुलगी खुर्चीत बसवली, हातात जाडजूड कादंबरी दिली. “वर बघ, हस,” फोटोग्राफर म्हणाला. मुलगी वर बघेचना. “थांबा ना काका, एवढं पान संपू द्या.” “वाचायला नाही बसवलं तुला!” मुख्याध्यापक खेकसले. फोटो निघाला, कादंबरी कपाटात गेली, किल्ली खिशात. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोटोग्राफरला दाराशी गाठलं. “फोटो हलला म्हणून सांगाल? उद्या पुन्हा कपाट उघडेल.” त्यानं मुलीकडे पाहिलं. “बाळ, किती पानं उरलीत?” “दोनशे बारा.” “मग बाई, फोटो हलून भागायचं नाही. कॅमेराच बिघडलाय म्हणतो.”