मागून ओळ धरणारा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा पहिलाच तास गणिताचा. सरांनी एकेकाला उभं करून गाव आणि छंद विचारला. तिवशाच्या गजेंद्रनं ‘वाचन’ सांगितलं. वडील कीर्तनकार आहेत आणि आपण लहानपणापासून त्यांच्या मागं टाळ घेऊन उभे राहतो, हे अमरावतीच्या पोरापोरींसमोर त्याच्या तोंडून काही निघेना.

ओळख संपली, शिकवणं सुरू झालं. सरांनी एक उदाहरण छान रंगवत शेवटाला आणलं आणि उत्तर लांबवून म्हणाले, “म्हणून या मॅट्रिक्सची रँक दोऽऽन.”

कीर्तनात महाराजांनी ओळ सोडली, की मागच्यांनी ती उचलायची असते. गजेंद्रनं उचलली. डोळे मिटून, चढ्या सुरात.

“रँऽऽक दोन.”

वर्ग हसून लोटपोट झाला. गजेंद्रची मान खाली गेली.

“कोनाच्या मांगं उभा रायतो रे तू?” सरांनी विचारलं.

“बाबाच्या, सर. कीर्तनात.”

“मंग मले वाचन काहून सांगतलं?”

“पोरं हासतीन म्हनून.”

“हासलेच ना शेवटी? तुह्यं खोटं फुकट गेलं.” सरांनी खडू उचलला. “मी इतकी वर्षं इथं एकटाच बोलून राहिलो बावा. मांगून ओळ धरनारं आज भेटलं.”

ते फळ्याकडे वळले. पुढचं उदाहरण सोडवलं आणि उत्तरावर सूर लांबवून मुद्दाम थांबले.

गजेंद्रनं तोंड उघडायच्या आत अख्ख्या वर्गानं ओळ उचलली. बेसूर, पण मनापासून.